संत्र्याची सावली काळी नसते: होल्त्सेल यांच्या पद्धतीने चित्ररचना घरी कशी शिकावी आणि शिकवावी

मृग बहाराची संत्री बाजारात आली, की मी रविवारच्या वर्गात एक संत्रे पांढऱ्या ताटलीत, खिडकीच्या उजेडात ठेवतो आणि मुलांना ते सावलीसकट रंगवायला सांगतो. बहुतेकांचा हात आधी काळ्या रंगाच्या बाटलीकडे जातो. सावली काळी असते असे त्यांनी पाहिलेले नसते. तसे त्यांना कुणीतरी सांगितलेले असते. नारिंगी रंगाशेजारी पांढऱ्या ताटलीवर पडलेली सावली निळसर भासते, हे ज्याला एकदा दिसले, त्याचा हात पुढच्या वेळी ती बाटली उघडताना थबकतो. असे पाहायला शिकवण्याची एक शिस्तशीर पद्धत आडोल्फ होल्त्सेल या जर्मनीतील चित्रकार-शिक्षकाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बांधली. ती नागपूरच्या घरात, तीन-चार महिन्यांच्या रविवारांत कशी राबवावी, ते येथे लिहिले आहे. शाळेतील कलाशिक्षक, मुलांना घेऊन बसणारे पालक आणि चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा ब्रश हाती घेणारे, अशा तिघांनाही ते उपयोगी पडावे.

आधी नावाविषयी. जर्मन भाषेतील या आडनावाच्या मध्यभागी जो उच्चार आहे, तो इंग्रजी वळणाने ‘झ’ असा केला जातो. पण मराठी माणसाला ती अडचण येण्याचे कारण नाही, कारण ‘चमचा’ आणि ‘चाक’ या शब्दांतील आपला दंत्य ‘च’ म्हणजे जवळजवळ तोच उच्चार होय. लिहिताना मात्र तो ‘त्स’ असा लिहिला, म्हणजे गोंधळ होत नाही.

पद्धत कुठून आली

होल्त्सेल यांचा जन्म १३ मे १८५३ रोजी मोराव्हियातील ओल्म्युट्स येथे झाला. ते शहर तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. वडील पुस्तकविक्रेते आणि प्रकाशक होते, त्यामुळे मुलाने आधी गोथा येथे खिळे जुळवण्याचे, म्हणजे अक्षरजुळणीचे, शिक्षण घेतले. चरित्रातील हा तपशील अनेकजण एका ओळीत उरकतात. माझ्या मते त्यांच्या सगळ्या शिकवणीची किल्ली तिथेच आहे, कारण छापखान्यातील जुळाऱ्याला अक्षराइतकीच दोन अक्षरांमधली मोकळी जागाही हाताने बसवावी लागते आणि कोऱ्या जागेलाही वजन असते, हे त्याला बोटांनी कळते. पुढे ते व्हिएन्नाच्या आणि १८७६ पासून म्युनिकच्या कला अकादमीत शिकले आणि १८८८ साली म्युनिकजवळच्या दाखाउ या गावी राहायला गेले.

दाखाउ म्हटले, की १९३३ साली तिथे उघडलेली नाझी छळछावणी आठवते, आणि ती आठवायलाच हवी. होल्त्सेल राहायला आले तेव्हा मात्र ते दलदलीच्या विस्तीर्ण माळाकाठचे, धुक्याचे आणि बर्चच्या झाडांचे गाव होते, आणि तिथल्या करड्या, ओलसर उजेडासाठी चित्रकार मुद्दाम जात असत. लुडविग डिल आणि आर्थर लांगहामर या मित्रांसह होल्त्सेल यांनी तिथे ‘नव-दाखाउ’ म्हणून ओळखला जाणारा गट उभा केला आणि स्वतःची चित्रशाळा चालवली. १८९९ मध्ये चित्रकार एमिल नोल्डे तिथे शिकून गेला. १९०५ साली श्टुटगार्टच्या अकादमीने त्यांना बोलावले. तिथे १९१९ पर्यंत त्यांनी शिकवले, आणि १७ ऑक्टोबर १९३४ रोजी त्याच शहरात त्यांचे निधन झाले.

कलेच्या मोठ्या इतिहासात त्यांचे नाव बहुधा शिष्यांच्या नावांमागून येते: ऑस्कर श्लेमर, विली बाउमाइस्टर, योहानेस इट्टेन, इडा केर्कोव्हिउस, माक्स आकरमान. या नावांत एकाचे चित्र दुसऱ्यासारखे नाही आणि गुरूसारखे तर कुणाचेच नाही. मला ही पद्धत शिकवण्याजोगी वाटली ती यामुळेच. होल्त्सेल विद्यार्थ्याला कशाचे चित्र काढायचे हे आधी सांगत नसत; रेघ, आकार आणि रंग ही चित्राची मूळ साधने आधी हाताळायला लावत. विषय नंतर येई, आणि तो ज्याचा त्याचा असे.

साहित्य

फार लागत नाही. पाव इम्पीरियल, म्हणजे साधारण १५ बाय ११ इंची कार्ट्रिज कागद, जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी, ४बी किंवा ६बी पेन्सिल, काळा आणि करडा कार्डशीट, शाळेत कार्यानुभवाला वापरतात तो घोटीव कागद, कंपास, कात्री आणि डिंक, एवढे सीताबर्डीत किंवा महालात एका फेरीत मिळते. पोस्टर रंगांचा बारा बाटल्यांचा संच घेऊ नये. लेमन यलो, व्हर्मिलियन, क्रिमझन, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू आणि पांढरा अशा सहा सुट्या बाटल्या घ्याव्यात. काळी बाटली पहिले दोन महिने कपाटात राहू द्यावी.

नागपूरच्या हवेचा एक मुद्दा आहे. एप्रिल-मे महिन्यांत पोस्टर रंग पॅलेटवरच खपली धरतो, आणि कुलरच्या झोतासमोर बसले तर आणखी लवकर. त्या दिवसांत पॅलेटखाली ओले फडके पसरावे, पसरट स्टीलच्या डब्याच्या झाकणात रंग कालवावेत आणि वर्ग सकाळी साडेसहाला सुरू करावा. पावसाळ्यात नेमके उलटे होते: कागद ओल धरतो आणि रंग सुकता सुकत नाही, म्हणून तेव्हा रंगापेक्षा कात्री आणि डिंकाचे पाठ घ्यावेत.

हाताचा रियाज

होल्त्सेल यांचा रोज रेघा ओढण्याचा नेम होता. संगीताचे दाखले त्यांच्या बोलण्यात आणि लिहिण्यात सतत येत. स्वरांच्या मेळाचे जसे शास्त्र असते तसे रंगांच्या मेळाचेही असले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून मी या सरावाला रियाज म्हणतो, आणि गाण्याच्या घरातली मुले ते लगेच समजतात.

वर्तमानपत्राचे पान भिंतीला किंवा बोर्डाला चिमट्याने लावावे आणि उभे राहून, मनगटातून नव्हे तर खांद्यातून, दहा मिनिटे रेघा ओढाव्यात. पहिले दोन दिवस फक्त आडव्या आणि उभ्या. पुढे तिरप्या, मग कमानी, मग न तुटणारी वळणे. एकाच रेघेत पेन्सिलीचा दाब वाढवत न्यावा आणि पुन्हा कमी करावा. या वेळात फूल, डोळा, नाव असे ओळखीचे काहीही काढायचे नाही, हा एकच नियम कडक ठेवावा. आठवडाभरात रेघांच्या जाळ्यात आपोआप आकार दिसू लागतात, आणि कुणाला त्यात बैल दिसतो, कुणाला पाणी भरणारी बाई. होल्त्सेल स्वतः १८९८ च्या आसपास दाखाउ येथे अशीच विषयावाचूनची नक्षीदार रेखाटने करू लागले होते. दिसलेला आकार पाहावा, पण लगेच रंगवायला घेऊ नये; पानावर तारीख घालून ते बाजूला ठेवावे.

मोठ्या माणसांना हा पाठ मुलांपेक्षा अवघड जातो. दहा मिनिटे कशाचेही चित्र न काढणे त्यांना वेळ वाया घालवण्यासारखे वाटते.

कोऱ्या जागेचे वजन

१९०१ साली होल्त्सेल यांनी व्हिएन्नाच्या ‘व्हेर साक्रुम’ या नियतकालिकात चित्रातील आकार आणि त्यांची विभागणी या विषयावर लेख लिहिला. गडद आणि फिकट भागांची वाटणी जमली, तर चित्र उलटे धरले तरी तोल सांभाळते, हे तो धागा धरून मुलांना दाखवता येते. त्यासाठी तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी अगदी योग्य वस्तू आहे, कारण नागपुरात तो बहुतेक घरांत असतो आणि त्याच्या चार पायांमधली, मान आणि शिंगांमधली मोकळी जागा स्पष्ट दिसते.

नंदी बाजूने पाहून काळ्या कार्डशीटमधून त्याची आकृती कापावी. पेन्सिलीने आधी न काढता थेट कात्रीने कापली तर उत्तम, कारण कात्री बारीकसारीक नक्षीत अडकू देत नाही. अशाच लहानमोठ्या तीन आकृत्या कराव्यात. आता पांढऱ्या कागदावर हाताने एक चौकट आखून तीत या तिन्ही आकृत्या सरकवत राहावे. एखादी चौकटीबाहेर अर्धी जाऊ द्यावी, दोन एकमेकींवर चढू द्याव्यात. प्रत्येक मांडणीनंतर विद्यार्थ्याने नंदीकडे न पाहता उरलेल्या पांढऱ्या भागांकडे पाहावे आणि त्यांतला सर्वांत मोठा कोणता, सर्वांत लहान कोणता, दोन सारखे झालेत का, ते बोटाने दाखवावे. सगळे पांढरे तुकडे सारखे झाले, की मांडणी निर्जीव होते. एक मोठा, एक मध्यम आणि बाकीचे लहान झाले, की तीच तीन जनावरे चालू लागतात. मांडणी पसंत पडल्यावर चिकटवण्याआधी कागद उलटा फिरवावा. नंदीचे पाय आकाशाकडे गेल्यावर डोळा नंदी विसरतो आणि फक्त काळे-पांढरे पाहतो, आणि तेव्हा एक कोपरा जड झाल्याचे हमखास लक्षात येते.

यानंतर करडा कागद तिसरा रंग म्हणून आणावा आणि बाहेर जावे. दाखाउच्या माळावर क्षितिजाची एक लांब रेघ आणि तिला छेदणारी झाडांची खोडे एवढाच ऐवज चित्रकारांच्या पुढे असे. तशीच जागा आपल्याला अंबाझरी तलावाच्या बांधावर किंवा फुटाळा तलावाच्या काठावर मिळते. तिथे पहाटे पाणी, पलीकडचा काठ आणि आकाश असे तीनच पट्टे असतात. पुठ्ठ्याला पोस्टकार्डाएवढी खिडकी कापून तीतून पाहावे, आणि पांढरा, करडा, काळा अशा फक्त तीन कागदांच्या फाडलेल्या तुकड्यांतून ते दृश्य लावावे. फाडलेल्याच तुकड्यांतून, कापलेल्या नव्हे; कारण फाडताना पाने, लाटा, दिवे यांचा मोह आपोआप सुटतो. काठ चौकटीच्या बरोबर मध्यावर येत असेल तर पुठ्ठा वर किंवा खाली सरकवावा आणि फरक वहीत लिहून ठेवावा. या एका पाठावर मी चार रविवार घालवतो. पालकांची कुरकुर याच महिन्यात सर्वाधिक असते.

रंगांचे चक्र आणि त्यातले वैर

होल्त्सेल यांनी जर्मन कवी गटे यांचा १८१० चा रंगविचार, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांचे १८३९ चे संशोधन आणि त्यानंतरच्या शास्त्रज्ञांचे काम वाचून ते वर्गात आणले. बारा रंगांचे चक्र ते वापरत, आणि रंग एकटा कसा आहे यापेक्षा शेजाऱ्याशी तो कसा वागतो, यावर त्यांचा भर असे. १९१९ साली श्टुटगार्टला भरलेल्या जर्मन वेर्कबुंड या कलाकार आणि उद्योजकांच्या संघटनेच्या अधिवेशनात त्यांनी रंगांविषयी आपली बाजू मांडली, तेव्हा समोरचा विचार विल्हेल्म ओस्टवाल्ड यांचा होता, ज्यांना १९०९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले होते. ओस्टवाल्ड रंग मोजून त्यांचे नियम लावू पाहत होते. चित्रकाराच्या डोळ्याचा हक्क सोडायला होल्त्सेल तयार नव्हते. हा वाद मला अजून मिटलेला वाटत नाही, पण आपल्या कामापुरते होल्त्सेल यांच्या बाजूने राहावे.

चक्र आखणे चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेच्या भूमितीतूनच येते. वर्तुळ काढून त्याच त्रिज्येने परिघावर सहा खुणा कराव्यात आणि प्रत्येक कंस दुभागावा, म्हणजे बारा घरे होतात. पिवळा, लाल आणि निळा ही तीन घरे सारख्या अंतरावर भरावीत, त्यांच्या बरोबर मध्ये नारिंगी, जांभळा आणि हिरवा, आणि उरलेल्या सहा घरांत मधल्या छटा. इथे सहा बाटल्या का घेतल्या ते कळते. व्हर्मिलियन आणि अल्ट्रामरीन मिसळले तर जांभळ्याऐवजी मातकट तपकिरी होते, कारण व्हर्मिलियनमध्ये पिवळ्याचा अंश दडलेला असतो. क्रिमझन घेतला की जांभळा स्वच्छ येतो. हिरव्यासाठी उलट प्रशियन ब्लू लेमन यलोशी चांगला जुळतो, आणि अल्ट्रामरीनने हिरवा मळका होतो. मुलांना हे आधी सांगू नये. मळका रंग झाल्यावर ‘सर, माझा रंग बिघडला’ अशी तक्रार येते, आणि शिकवण्याची वेळ तीच असते.

चक्रात समोरासमोर बसलेले दोन रंग एकमेकांचे वैरीही असतात आणि सोबतीही. त्यांना मिसळले तर दोघेही मरून करडे होतात. शेजारी ठेवले तर दोघेही पेटतात. संत्र्याच्या नारिंगीत अल्ट्रामरीन थेंबाथेंबाने घालत सात चौकोन रंगवावेत. पाचव्या-सहाव्या चौकोनात जो गार करडा-तपकिरी सापडतो, तोच फळाच्या अंधाऱ्या बाजूचा रंग. काळा रंग कधीही देत नाही असा. ताटलीवर पडलेल्या सावलीसाठी त्याच मिश्रणात अल्ट्रामरीन आणि पांढरा वाढवावा. पोस्टर रंग वाळल्यावर थोडा फिका होतो, म्हणून चौकोन वाळल्याशिवाय निवड करू नये.

पुढचा प्रयोग घोटीव कागदाचा आहे. नारिंगी कागदावर मधोमध करड्या कागदाचा दोन सेंटिमीटरचा चौकोन चिकटवावा आणि तोच करडा तुकडा निळ्या कागदावरही चिकटवावा. नारिंगीवरचा करडा निळसर दिसतो, निळ्यावरचा उबदार. दोन्हींवर पातळ बटर पेपर पसरला, तर रंग मंद होऊनही हा भास कमी न होता वाढतो, आणि दर वर्षी एक तरी मूल बटर पेपर उचलून खालचे तुकडे खरोखर सारखे आहेत का ते तपासते. शेव्हरल हे पॅरिसच्या गोबलँ विणकामाच्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते, आणि तिथे काळा धागा फिका पडतो अशा तक्रारी येत. दोष काळ्या रंगात नव्हता, शेजारच्या रंगांत होता, हे त्यांनी दाखवले. पिढ्यान्पिढ्या नागपुरी साडी विणणाऱ्या विणकराला किंवा काठ-पदराचा मेळ नजरेने जोखणाऱ्या आजीला हे पुस्तकातून शिकावे लागले नसते, असे मला नेहमी वाटते.

मग प्रमाण. तत्त्वज्ञ शोपेनहाउअर यांनी १८१६ मध्ये प्रत्येक रंगाला तेजाचा वाटा दिला होता, आणि होल्त्सेल यांचा शिष्य इट्टेन याने तशीच प्रमाणे पुढे शिकवली: लाल आणि हिरवा सारखे, नारिंगी एक तर निळा दोन भाग, पिवळा एक तर जांभळा तीन भाग. एका पानावर या तीन जोड्या त्याच मापात भराव्यात, आणि शेजारी मुद्दाम माप उलटे करून भराव्यात. संत्र्याभोवती त्याच्या दुप्पट निळे ठेवले तर दोन्ही सारख्या जोराने बोलतात. निळे त्याहून पुष्कळ वाढवले तर संत्रे एकटे पडून जास्तच उठून दिसते. त्यामुळे ही मापे तोल कळण्यासाठी आहेत, पाळण्यासाठी नाहीत.

गडद आणि फिकट यांच्या विरोधासाठी मी नागपुरातल्या मारबतींची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक घेतो. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी मारबत आणि पिवळी मारबत निघतात, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी उठते, आणि गर्दीतून त्या दोन आकृत्या लांबूनही वेगळ्या दिसतात, कारण चक्रात पिवळ्याहून उजळ रंग नाही आणि काळ्याहून गडद काही नाही. मिरवणूक पाहून आल्यावर स्मरणाने, माणसे न काढता, नुसत्या पिवळ्या, काळ्या आणि धुळीच्या करड्या तुकड्यांनी ती गर्दी मांडावी. काळी बाटली पहिल्यांदा उघडायची ती या पाठाला.

रंगातून विषयाकडे

१९०५ साली होल्त्सेल यांनी ‘लाल रंगातील रचना’ हे चित्र केले. ते आज हॅनोवरच्या श्प्रेंगेल संग्रहालयात आहे. त्यात मानवाकृतींची चाहूल लागते, पण चित्राचा तोल त्यांच्यावर नसून लाल पृष्ठभागावर बसवलेल्या रंगांच्या तुकड्यांवर आहे, आणि रशियन चित्रकार कांदिन्स्की यांनी अमूर्त चित्रांकडे वळण्याच्या काही वर्षे आधीचे ते काम आहे. ‘अमूर्ताचा जनक कोण’ या भांडणात शिरण्याची गरज नाही.

या पाठासाठी पूर्ण कागद एकाच लाल रंगाने भरून घ्यावा आणि वाळल्यावर घोटीव कागदाचे दहा-बारा फाडलेले तुकडे त्यावर विषय न ठरवता लावावेत. एक हिरवा तुकडा कुठे ठेवला की लाल पेटतो आणि कुठे ठेवला की नुसता खुपतो, एवढेच पाहावे. जमल्यासारखे वाटले की कागद लांब ठेवून दुरून पाहावा, आणि त्यात काही दिसलेच तर दोन-चार रेघांनी ते स्पष्ट करावे. एका मुलीला तिच्या तुकड्यांत पळसाखाली बसलेली म्हातारी दिसली होती. विषय हातात घेऊन बसली असती, तर ती म्हातारी तिने बाजूने, नाकडोळ्यांसह काढली असती आणि पळस मागे ठिपक्यांचा राहिला असता.

याच्या जोडीला जुन्या चित्रांची चिरफाड करावी. होल्त्सेल जुन्या चित्रांतील मुख्य दिशा आणि भाग आखून वर्गात रचना समजावत, आणि इट्टेन याने ती सवय पुढे बाउहाउस या जर्मन कलाशाळेत नेली. दिनदर्शिकेवरील एखाद्या जुन्या चित्राच्या छापील प्रतीवर ट्रेसिंग पेपर ठेवून, डोळे किलकिले करून, केवळ मोठ्या दिशा आणि गडद भाग उतरवावेत. अजब बंगल्यातील, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयातील, मूर्तींसमोर बसून हाच अभ्यास पेन्सिलीने करता येतो. तिथे चेहऱ्याकडे न जाता कंबर, खांदे आणि मस्तक यांचे तीन तिरपे अक्ष धरावेत.

पानाच्या खालच्या बाजूला थोडी जागा लेखनासाठी सोडावी. होल्त्सेल आपल्या कित्येक रेखाटनांखाली हस्ताक्षराचा दाट पट्टा ठेवत, आणि तो चित्राच्या पायासारखा दिसे. जुळाऱ्याची ती जुनी सवय असावी. आपल्या देवनागरीत तर हे अधिकच खुलते, कारण शिरोरेषेमुळे प्रत्येक ओळ एक आडवी दांडी होते आणि अक्षरे तिला टांगलेली दिसतात. मुलांनी तिथे त्या दिवशी काय जमले नाही ते लिहावे. वर्षअखेर तीच त्यांची वही होते.

शिकवणाऱ्याने काय करू नये

मी पूर्वी ज्या एका शाळेत होतो, तिथल्या प्रदर्शनात साठ मुलांच्या साठ चित्रांत दोन डोंगरांमधून उगवणारा एकच सूर्य होता, आणि पाहुण्यांनी शिस्तीचे कौतुक केले होते. त्यातले काही सूर्य माझ्याच हाताखालचे होते. म्हणून पहिला नियम हा, की मुलाच्या कागदावर आपला ब्रश कधीही टेकवू नये. दुरुस्ती दाखवायची असेल तर वेगळ्या तुकड्यावर दाखवावी आणि तो तुकडा नंतर फाडून टाकावा. दुसरे, ‘चांगले झाले’ असे म्हणण्याऐवजी ‘या पानावर सर्वांत जड कोपरा कोणता?’ असा प्रश्न विचारावा, म्हणजे उत्तर मुलाला स्वतःच शोधावे लागते.

तिसरे, आपल्याहून पुढे गेलेल्या विद्यार्थ्याला शिकवायला बसवावे. इट्टेन १९१३ मध्ये श्टुटगार्टला आला, तेव्हा होल्त्सेल यांचे धडे त्याने आधी इडा केर्कोव्हिउस हिच्याकडून घेतले. ती रीगाची, होल्त्सेल यांची शिष्या आणि साहाय्यक होती. त्या काळी अनेक अकादम्यांत स्त्रियांना प्रवेश मिळणेही कठीण होते, हे ध्यानात घेतले म्हणजे होल्त्सेल यांच्या वर्गातील तिची जागा कळते. पुढे १९२० मध्ये केर्कोव्हिउस वायमारच्या बाउहाउसमध्ये विद्यार्थिनी म्हणून गेली, आणि तिथे प्राथमिक वर्ग चालवणारा शिक्षक इट्टेन होता. गुरू-शिष्याची ही अदलाबदल दोघांनाही कमीपणाची वाटली नाही. त्याच इट्टेनची चित्रे डिसेंबर १९२२ मध्ये कोलकात्यातील बाउहाउस प्रदर्शनात लागली होती. आपले नागपूरही त्याच हावडा रेल्वेमार्गावर आहे.

प्फुलिंगन या गावातील नव्या सभागृहाच्या भिंती रंगवण्याचे काम आले, तेव्हा ते होल्त्सेल यांच्या देखरेखीखाली त्यांच्या विद्यार्थ्यांनी केले. आपल्याकडे भिंत मिळणे सोपे नाही, पण घराच्या पायऱ्या किंवा वस्तीतील गणेश मंडळाचा पडदा मुलांच्या हाती देता येतो. पालक बहुतेक विचारतात, की याचा इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेला उपयोग काय. संकल्पचित्र आणि स्थिरचित्र या विषयांना तो थेट होतो. स्मरणचित्रात मात्र पाठ केलेल्या आकृत्यांनी भरलेल्या कागदांपुढे असे काम सुरुवातीला अपुरे वाटते, आणि तेवढ्यासाठी शेवटचा महिना मानवाकृतींचा वेगळा सराव द्यावा.

पतंगाच्या कागदाची खिडकी

होल्त्सेल यांनी उतारवयात रंगीत काचेच्या खिडक्यांवर पुष्कळ काम केले. हॅनोवरच्या बालझेन या बिस्किटांच्या कंपनीसाठी पहिल्या महायुद्धाच्या काळात, आणि पुढे श्टुटगार्टच्या नगरभवनासाठी १९२८-२९ मध्ये. काचेत रंग कागदावरच्यासारखा वर बसत नाही, तो उजेडातून येतो, म्हणून आतापर्यंत शिकलेली सगळी मापे इथे नव्याने तपासावी लागतात.

संक्रांत झाली, की पतंगाच्या कागदाचे उरलेले ताव स्वस्तात मिळतात. काळ्या कार्डशीटमधून एक सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यांची जाळी अखंड कापून घ्यावी. पट्ट्या बाहेरच्या चौकटीला जोडलेल्याच राहिल्या पाहिजेत. मागून पतंगाचे तुकडे खळीने चिकटवावेत. गडद हवे तिथे त्याच रंगाचे दोन पदर द्यावेत. नारिंगी हवा तिथे पिवळ्यावर गुलाबी. चिकटवण्यापूर्वी प्रत्येक जोडी खिडकीशी धरून पाहावी, कारण टेबलावर देखणी दिसणारी जोडी उजेडात अनेकदा विझते, आणि टेबलावर मळका वाटणारा जांभळा खिडकीत तेजाळतो. काळी जाळी रंगांना वेगळे ठेवते म्हणून ते एकमेकांना खात नाहीत. तीच जाळी अर्ध्या रुंदीची करून पाहिली, तर फरक लगेच दिसतो.

खिडकी शक्यतो उत्तरेची निवडावी. पश्चिमेच्या काचेवर लावली तर दुपारी चारनंतर भिंतीवर रंगांचे सुंदर कवडसे पडतात, पण आपल्या उन्हात पतंगाच्या कागदाचा गुलाबी सर्वांत आधी उडतो आणि नारिंगीचे पुन्हा पिवळे होते. म्हणून पश्चिमेची चौकट अक्षयतृतीयेच्या आधी उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवावी. गेल्या वर्षी एक चौकट उतरवायची राहून गेली, आणि जूनमध्ये मुलांनी विटलेला तुकडा नव्या तुकड्याशेजारी धरून, नाहीसा झालेला रंग नेमका कोणता, हे चक्रावर बोट ठेवून सांगितले.